दिवाणखाना : एक परीक्षण

नाटकाचे परीक्षण लिहिणाऱ्याला एक फार मोठी सोय असते. नाटक पडले तर तो शेवटच्या लोकलने घरी जातो, वरणभात जेवतो आणि झोपतो. मी ज्या कलाकृतीचे परीक्षण लिहायला घेतले आहे तिच्यातच मला रात्री अंथरूण घालावे लागते. शिवाय निर्मितीचा खर्च माझा. पुढली सात वर्षे तिचे हप्ते माझ्या पगारातून परस्पर कापले जाणार आहेत. आणि निर्माती, म्हणजे आमची सौ., भिंतीपलीकडे गवार मोडत बसली आहे. लिहिलेले सगळे तिला वाचून दाखवावे लागणार. इतक्या बंधनांत राहून मराठीत कुणी तटस्थ समीक्षा लिहिली असेल असे मला वाटत नाही. (जे तटस्थ म्हणून प्रसिद्ध आहेत त्यांना घरी कुणी विचारीत नसावे.)

कलाकृतीचे नाव 'हॉल'. स्थळ डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. माप दहा बाय चौदा. मूळ रचना आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची. अण्णा रेल्वेत कारकून होते. १९८४ साली त्यांनी ही जागा घेतली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्याआधी आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. तिथली दहा बाय बाराची एकच खोली सकाळी स्वयंपाकघर असे, दुपारी माजघर, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री शयनगृह. प्रवेश बदलताना मध्ये पडदासुद्धा पडत नसे. तिथून हॉल, बेडरूम आणि किचन अशा ऐसपैस मुलखात आल्यावर आई पहिले आठ दिवस आम्हाला हाका मारीत शोधत फिरायची.

जुन्या मराठी नाटकांच्या छापील पुस्तकांत पहिल्याच पानावर कंसात एक वर्णन असायचे. मध्यमवर्गीय दिवाणखाना, डावीकडे स्वयंपाकघराचे दार, उजवीकडे बाहेरचे दार, मधोमध सोफा. त्यातला सोफा वगळला की आमचा जुना हॉल. सोफ्याच्या जागी खिडकीखाली आईची लोखंडी खाट. समोरच्या भिंतीवर अण्णांनी सुताराला पंधरा दिवस घरी बसवून करून घेतलेले शोकेस. शोकेसात निळ्या काचेचा मासा, संगमरवरी म्हणून विकला गेलेला ताजमहाल, पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल अण्णांना मिळालेले घड्याळ, आणि मला तिसरीत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मिळालेला कप. (तो वर्गातल्या सगळ्यांनाच मिळाला होता, हे मी सौ.ला लग्नानंतर चार वर्षांनी सांगितले.) दारामागे खुंट्या. खुंट्यांवर छत्र्या, पिशव्या, आणि कुणाची ते कधीच न कळलेली एक कानटोपी.

बेडरूममध्ये एक खुर्ची होती. तिच्यावर कुणी कधी बसल्याचे मला आठवत नाही. धुवायला टाकण्याइतके मळलेले नाहीत आणि कपाटात ठेवण्याइतके स्वच्छ नाहीत असे कपडे तिच्यावर असत. आमच्या बँकेच्या भाषेत ह्याला सस्पेन्स खाते म्हणतात. कुठल्या खात्यात टाकावी ते न कळलेली रक्कम तात्पुरती तिथे ठेवायची, आणि मार्चअखेर तिच्यापुढे डोक्याला हात लावून बसायचे.

असा सगळा ताळेबंद जुळत असताना सौ. कल्याणला भाचीचे नवे घर बघून आली आणि दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आपलं घर स्टेशनवरच्या वेटिंग रूमसारखं दिसतं."

"अण्णा रेल्वेतच होते," मी म्हणालो.

हे उत्तर मला साडेसहा लाखांना पडले. मूळ अंदाजपत्रक साडेचार लाखांचे होते. वरचे दोन लाख 'काका, आता एवढं करतोच आहोत तर' ह्या सदराखाली गेले.

डिझायनर मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. पाठीवर सॅक, हातात साबणाच्या वडीएवढे यंत्र. ते भिंतीवर रोखले की भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि यंत्रावर माप उमटते. आई खाटेवरून बघत होती. मला हळूच म्हणाली, "भिंतीला ताप आहे का रे?" मुलगी मोठी गोड. सौ.ला काकू, आईला आजी, आणि मला, "काका, तुमची स्टाइल काय?"

आता बावीस वर्षे मी बँकेत काउंटरपलीकडे बसतो. लोकांनी मला खूप प्रश्न विचारले आहेत. पासबुकाचे यंत्र कधी चालू होणार, साहेब कुठे गेले, जेवायला इतका वेळ लागतो का. पण माझी स्टाइल काय, हे आजवर कुणी विचारलेले नव्हते. मला भरून आले. मी सांगण्यासाठी तोंड उघडणार, एवढ्यात तिने पाटीसारखा टॅब्लेट पुढे केला. उत्तरे आत तयार होती. आपण फक्त बोट लावायचे. थोडक्यात, हा आमच्या खाते उघडण्याच्या फॉर्मसारखाच प्रकार निघाला. 'व्यवसाय' ह्या शब्दापुढे चार चौकोन असतात आणि गिऱ्हाईक बिचारा पाचव्याच व्यवसायात असतो.

पहिली स्टाइल इंडस्ट्रियल. विटा उघड्या, पाइप उघडे, वायरी डोळ्यांसमोर. आमच्या न्हाणीघरात ही स्टाइल तीस वर्षे होती. आम्ही अडाणी, तिला गळती म्हणत होतो.

दुसरी स्कँडिनेव्हियन. पांढऱ्या भिंती, फिक्कट लाकूड, उघड्या खिडक्या. ह्यात त्या लोकांचे काही चुकले नाही. नॉर्वे-स्वीडनकडे हिवाळ्यात दिवस जेमतेम काही तासांचा. मिळेल तेवढा उजेड पुरवून पुरवून वापरायचा, तर भिंती पांढऱ्याच हव्यात. पण आमची खिडकी पश्चिमेची. मे महिन्यात दुपारी तीननंतर तिच्यातून जो उजेड आत येतो तो आम्ही चादर लावून परत पाठवतो.

तिसरी बोहो. हिच्यात झालरी, रंगीबेरंगी उशा, टोपल्या, कुंड्या, दोऱ्यांना लटकवलेल्या वस्तू. सौ. म्हणाली, "हे आवरायचं कोणी?" बोहो तिथेच संपली.

चौथी मिनिमल. ह्या स्टाइलचे वैशिष्ट्य असे की खोलीत काही नसते, आणि हिचेच अंदाजपत्रक सगळ्यांत जास्त होते. मी बी.कॉम. असल्यामुळे कारण विचारले. कारण सरळ आहे. काहीच दिसायला नको असेल तर सगळे झाकायला कपाटे लागतात, आणि कपाटांचा हिशेब चौरस फुटावर होतो. चाळीत आमची स्टाइल मिनिमलच होती. तेव्हा सामानच नव्हते. आता सामान असून ते नाही असे दाखवायचे, म्हणजे पैसे लागणारच. आमच्या शाखेतही थकलेली कर्जे ताळेबंदात दिसू नयेत म्हणून मार्चमध्ये फार कष्ट घ्यावे लागत.

सौ.ने मिनिमलवर बोट ठेवले.

जाताना मुलगीने मला चित्रांचे एक जाडजूड पुस्तक दिले. "काका, चाळून ठेवा. आयडिया येईल." मी बँकेतला माणूस. मला मोठी चित्रे दिसत नाहीत, बारीक टाइप दिसतो. मी मजकूर वाचला आणि गोष्टीत अडकलो.

एक गोष्ट व्हिएन्नाची. आडॉल्फ लूस नावाच्या वास्तुविशारदाने १९०० साली ती लिहिली. एक श्रीमंत गृहस्थ आपले घर एका कलावंत वास्तुविशारदाच्या हवाली करतो. तो भिंतीपासून कपड्यांपर्यंत सगळे आखून देतो. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. गृहस्थ खूश. मग त्याचा वाढदिवस येतो, बायकामुले हौसेने भेटी आणतात. त्या कुठे मांडाव्यात हे विचारायला तो वास्तुविशारदाला बोलावतो. तो येतो आणि दारातच भडकतो. भेटींचे राहू द्या, आधी ह्या सपाता! सपाता त्यानेच आखलेल्या असतात, पण बेडरूमसाठी. ह्या खोलीत त्यांनी रंगसंगतीचा सत्यानाश होतो! आणि भेटी घेतल्याच कशा? तुमचे घर पुरे झाले आहे, आता त्यात कशाची भर पडता कामा नये. तेव्हा गृहस्थाच्या लक्षात येते की आपल्याला इथून पुढे कशाची इच्छासुद्धा करायची सोय उरलेली नाही.

मला वाटले, सौ.चे डोळे उघडायला हे पुरे आहे. मी तिला आवाजात चढउतार करून गोष्ट वाचून दाखवली. ती म्हणाली, "बेडरूमच्या चपला हॉलमध्ये घालू नका, हे मी वीस वर्षं सांगतेय."

दुसरी गोष्ट सर जॉन सोन ह्यांची. हे आमच्या धंद्यातले. म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद. गवंड्याचा मुलगा, १७५३ सालचा जन्म. १७८८ पासून १८३३ पर्यंत, पंचेचाळीस वर्षे त्यांनी बँकेची इमारत सांभाळली आणि वाढवली. पण जीव अडकला होता तो स्वतःच्या घरात. लंडनमधल्या लिंकन्स इन फील्ड्स ह्या चौकात त्यांनी आधी १२ नंबरचे घर घेतले, मग १३ नंबर, मग १४ नंबर, आणि सगळी पाडून, जोडून, पोखरून आपल्या मनासारखी केली. मिनिमल हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. मूर्ती, मातीची भांडी, देवळांचे तुकडे, आरसे. साध्या न्याहारीच्या खोलीच्या छताला आरसे! चित्रांची खोली जवळजवळ आमच्या हॉलच्या मापाची, पण तिच्यात शंभरावर चित्रे. कारण भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात. भिंतीच्या आत भिंत, तिच्यावर पुन्हा चित्रे. १८२४ साली त्यांनी इजिप्तचा राजा सेती ह्याची दगडी शवपेटी दोन हजार पौंडांना घेतली. ती आत यावी म्हणून घराची मागची भिंत फोडावी लागली. मग तीन रात्री दिवे लावून लोकांना बोलावले आणि ती दाखवली. आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा अण्णांनी जिना चढवताना कठडा काढून घेतला होता आणि आईने शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावले होते. तत्त्व एकच.

पण माझी झोप उडाली ती पुढच्या परिच्छेदाने. सोनसाहेबांचे धाकटे चिरंजीव जॉर्ज. बापाशी पैशांवरून बिनसलेले. १८१५ साली त्याने 'चँपियन' नावाच्या पत्रात निनावी दोन लेख लिहून बापाच्या वास्तुकलेची यथेच्छ टिंगल केली. त्यातून राहते घरही सुटले नाही. आईने लेखणी ओळखली. ती आधीच आजारी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गेली. सोनसाहेबांनी ते दोन्ही लेख चौकटीत बसवले, मुलाने दिलेले प्राणघातक घाव अशा अर्थाची पाटी खाली लावली आणि घरात टांगून ठेवले. पुढे १८३३ मध्ये त्यांनी पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला, की आपल्यामागे हे घर होते तसेच राहावे आणि लोकांना बघायला मिळावे. म्हणजे जॉर्जला मिळायला नको. १८३७ साली ते गेले. घर अजून तसेच आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. गंमत म्हणजे, त्यांनी बांधलेली बँक मात्र पुढच्या शतकात बँकवाल्यांनी आतून बहुतेक सगळी पाडून नवी केली. ह्याचे मला आश्चर्य वाटले नाही. आमच्या शाखेत नवा साहेब आला की आधी केबिन हलते.

पुस्तक मिटले तरी जॉर्ज डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरातला जॉर्ज मीच होतो. १९९९ साली बी.कॉम. झाल्याचा पेढा खायला मित्र आले होते. त्यांच्यादेखत शोकेसकडे हात करून मी म्हणालो होतो, "हे आमच्या अण्णांचं जत्रेतलं दुकान." मित्र हसले. अण्णा घड्याळाला किल्ली देत होते. त्यांनी किल्ली पुरी दिली, मग खांद्यावरच्या पंचाने काच पुसली आणि विचारले, "पेढे पुरले का सगळ्यांना?" अण्णा २०११ साली गेले. त्यांनी काही चौकटीत बसवले नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. नाहीतर जागा होती शोकेसात.

पाडकामाच्या दिवशी मी रजा घेतली. आधी सोसायटीचे पत्र, मग इंजिनिअरचा दाखला. हॉल आणि किचन ह्यांच्यामधली भिंत अर्ध्या विटेची होती म्हणून अर्धी काढता आली. तुळया आणि खांब ह्यांना हात लावायचा नसतो. चिरंजीवांना मात्र प्रत्येक भिंत पाडायची होती. अकरावी-बारावीतली मुले तशी असतात. मिस्त्रीने शोकेस भिंतीपासून सुटे केले आणि पाठीमागची फळी उलटी करून माझ्यापुढे धरली. "साहेब, इथं काहीतरी लिवलंय."

सुताराच्या जाड पेन्सिलीने, पण अक्षर अण्णांचे. रेल्वेच्या रजिस्टरात घासून घासून झालेले, एकाही काना-वेलांटीचा पसारा न करणारे. सागाच्या फळ्या इतक्या, सनमायका इतका, बिजागऱ्या, काच, खिळे, मजुरी. एकूण. ते खोडून पुन्हा एकूण. तेही खोडून तिसऱ्यांदा एकूण, आणि त्यासमोर दोन उभ्या रेघा, म्हणजे ह्यावर एक पैसा जाणार नाही. खाली वेगळी ओळ. 'मधला खण २४ इंच मोकळा सोडणे. टी.व्ही.'

१९८४ साली आमच्याकडे टी.व्ही. नव्हता. घ्यायची ऐपतही नव्हती, जागेचेच हप्ते होते. टी.व्ही. आला १९८८ साली, 'महाभारत' सुरू होण्याच्या आधी. मधली चार वर्षे त्या खणात छोटा रेडिओ असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हात हात मोकळी जागा. मला लहानपणापासून ती सुताराची चूक वाटत आलेली होती.

"कुजलीय एका कडेला. भंगारात टाकू?" मिस्त्रीने विचारले.

"माळ्यावर ठेव," मी म्हणालो. "सागाच्या बाकीच्या फळ्यापण ठेव." डिझायनर मुलगीने टॅब्लेटवर काहीतरी टिपले. बहुधा 'काका सेंटिमेंटल' असे.

खाट भंगारात गेली. किलोवर.

आता प्रत्यक्ष प्रयोगाविषयी. अडीच महिन्यांनी पडदा उघडला.

पहिला अंक स्वयंपाकघर. इथे समीक्षकाने टोपी काढून उभे राहावे. जुना ओटा तीस इंच उंचीचा होता. १९८४ साली तो आईच्या मापाने घातला, आणि आई चार फूट दहा इंच. सौ. पाच फूट चार. ओटा उभे राहणाऱ्याच्या कोपराच्या चार-सहा इंच खाली असावा लागतो, हा साधा हिशेब. म्हणजे वीस वर्षे ही बाई रोज दोन वेळा कमरेतून वाकून दुसऱ्याच्या उंचीचा स्वयंपाक करीत होती आणि मी तिला रात्री मलम आणून देत होतो. मलमाची बिले काढली असती तर तीन ओटे झाले असते. नवा ओटा चौतीस इंचांचा. तो घातल्या दिवशी ती त्यावर पोळ्या लाटीत होती आणि गुणगुणत होती. पोळी लाटताना ती गाते हे मला माहीतच नव्हते. साडेसहा लाखांपैकी जे काही इथे लागले असेल ते मी कुठल्याही ऑडिटरपुढे पास करीन.

दुसरा अंक हॉल, आणि इथे प्रयोग घसरतो.

छत सहा इंच खाली आले आहे. त्यामागे दिवे लपवले आहेत. दिवा कुठे आहे हे न दाखवता उजेड द्यायचा, अशी कल्पना. उजेडाला 'वॉर्म' म्हणतात, ३००० केल्व्हिन. संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे फार सुरेख दिसतात. वर्तमानपत्र दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात आई रात्री फ्रिजचे दार उघडून त्याच्या उजेडात श्रद्धांजलीचे पान वाचताना सापडली.

कपाटांना मुठी नाहीत. दाबले की उघडतात. भिंत कुठे संपली आणि कपाट कुठे सुरू झाले हे कळू नये ही तर खरी कला. आमच्या शाखेतले एक गृहस्थ चहाला आले होते. 'जाऊन येतो' म्हणून उठले आणि भिंत जागोजाग दाबीत खोलीभर फिरले. शेवटी एक दार उघडले, त्यातून इस्त्री पडली.

खुंट्या गेल्या. जूनमध्ये छत्री घेऊन मी दारात पंधरा मिनिटे उभा होतो. खोलीत छत्रीला जागाच नव्हती. कारण चित्रात पाऊस नव्हता. सस्पेन्स खुर्ची गेली, पण खाते बंद झाल्याने नोंदी थांबत नाहीत. ते कपडे आता सोफ्यावर असतात आणि सोफा पंचेचाळीस हजारांचा आहे. माझी मुख्य तक्रार इथे आहे, आणि ती त्या मुलीविरुद्ध नाही, तिच्या टॅब्लेटातल्या प्रश्नाविरुद्ध आहे. तिने विचारले, तुमची स्टाइल काय. तिने विचारायला हवे होते, काका, बाहेरून आल्यावर हातातली पिशवी कुठे टाकता? चष्मा कुठे विसरता? वीज गेली की अंधारात हात आधी कुठे जातो? ह्या घरात कुणाला काय दिसल्याशिवाय चैन पडत नाही? माणसाची स्टाइल असलीच तर तिथे कुठेतरी असते. ती चित्रातून निवडता येत नाही. पण माझ्याकडूनही हे काही सांगितले गेले नाही. माझी स्टाइल काय, ह्या प्रश्नाने मी इतका सुखावलो होतो की दुसरा प्रश्न मनात आलाच नाही.

तिसरा अंक बेडरूम. मी पुढे ढकलीत होतो, पण आता लिहायलाच हवे.

सगळ्यांनी मिळून ठरवले की बेडरूम आईला द्यायची. आयुष्यभर ती हॉलमध्ये झोपली. आता ह्या वयात तिला शांतता हवी, चांगली गादी हवी, प्रायव्हसी हवी. मी, सौ. आणि चिरंजीव हॉलमध्ये, सोफ्याचा पलंग करून आणि खाली गादी घालून झोपणार. इतका चांगला विचार आमच्या घरात बऱ्याच वर्षांत कुणी केला नव्हता. प्रायव्हसीला मराठी शब्द शोधून आईला समजावताना मी 'एकांत' म्हणालो. ती म्हणाली, "एकांत कशाला रे मला? मी कुठं जप करते?"

नवी खोली छान. भिंत मोरपंखी, कपाट उंची छतापर्यंत. खिडकी मागच्या गल्लीची, समोर दुसऱ्या इमारतीची आंधळी भिंत.

पहिले काही दिवस बेल वाजली की आतून आवाज यायचा, "कोण आलं?" आम्ही ओरडून सांगायचो. कुकरची शिट्टी झाली की, "तिसरी ना गं?" मग हळूहळू आवाज कमी झाला. मग बंद झाला. सौ.ने माझ्याआधी ओळखले. एके रात्री म्हणाली, "आई हल्ली विचारत नाहीत काही." तिने खोलीतला दिवा बदलून पाहिला, रेडिओ नेऊन ठेवला, दुपारी भाजी निवडायला मुद्दाम आत जाऊन बसली. नव्या ओट्याशी आईचा हात पोचत नव्हता, त्यामुळे आता स्वयंपाकघरातही तिचे काही अडत नव्हते. आम्ही डॉक्टरांकडे नेऊन आणले. रक्तदाब ठीक, साखर ठीक.

मग डिझायनर मुलगी फोटो काढायला आली. पुरे झालेले घर त्यांना फोटोत लागते, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. हॉलमधून आमच्या बॅगा, छत्र्या, सस्पेन्स खाते, सगळे आतल्या खोलीत कोंडले. सगळे फोटो झाले. मग तिलाच वाटले, एखादा माणसांसकट हवा. "आजी, या ना. तुम्ही हॉलमध्ये नेहमी जिथं बसता तिथं बसा."

आई आली. सोफ्याकडे तिने पाहिलेच नाही. सरळ खिडकीशी गेली, जिथे खाट होती तिथे. आता तिथे पांढऱ्या कुंडीत एक उंच झाड आहे, खोटे. त्याच्या बाजूला ती उभी राहिली. एक हात भिंतीला टेकलेला. आधी तिने बाहेरच्या दाराकडे पाहिले. मग मान वळवून किचनकडे, गॅसकडे. मग खाली रस्त्यावर. हे तिन्ही तिथूनच दिसते. एकाच जागेवर बसून दूधवाला, दूध आणि शाळेतून येणारा नातू अशी तीन खाती ती चाळीस वर्षे सांभाळत होती आणि आम्ही त्या जागेला खाट म्हणत होतो.

मुलगीने कॅमेरा खाली घेतला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग सॅकमधून ते साबणाच्या वडीएवढे यंत्र काढले आणि खिडकीखाली माप घेतले. "काका," ती म्हणाली, "माळ्यावर ठेवलेल्या त्या फळ्या किती लांबीच्या आहेत?"

रविवारी मिस्त्री आला. कुंडी चिरंजीवांनी जिन्यात नेऊन ठेवली. शोकेसाच्या सागाचे बाक झाले, सहा फूट बाय अडीच फूट, खाली दोन खण, खणांना मुठी. हिशेबाची फळी कुजकी कड कापून आतल्या बाजूने लावली. आईने हात फिरवून पाहिला आणि "हे ह्यांचंच लाकूड" एवढेच म्हणाली. बाकाच्या कडेला मिस्त्रीने न सांगता दोन खुंट्या ठोकल्या. मुलगीने मजुरी लावली नाही. मी बँकेतला, मला फुकट घेववत नाही, म्हणून सौ.ने तिला डबाभर करंज्या दिल्या. कानटोपी पुन्हा खुंटीवर आली आहे. कुणाची ते अजून कळलेले नाही.

इथपर्यंतचे मी सौ.ला वाचून दाखवले. ओट्याचा परिच्छेद तिने दोनदा ऐकला. छत सहा इंच खाली आल्याची तक्रार काढून टाका म्हणाली, मी काढलेली नाही. मग दोघांनी मिळून बाकावर बसलेल्या आईला विचारले, "आता कसं वाटतंय हॉल?"

आई थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिली. "छान झालाय," म्हणाली. "दार दिसतं, रस्ता दिसतो. गॅस मात्र अर्धाच दिसतो. तो फ्रिज मध्ये येतो. दूध उतू गेलं तर मला कळायचं कसं?"

सौ. टेप घेऊन फ्रिजची रुंदी मोजते आहे. फ्रिजच्या मागे, मुलगीने सांगितले होते, चार इंच जागा सोडलीच पाहिजे.